आक्कांनी सूस पाहिलं

मुळशीतल्या आमच्या गावापासून पुणं तासा-दीड तासावर आहे. तरी पुणं कसं आहे असं कुणी विचारलं, तर बरीच वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पुण्याला जायचो ते कामाला. लग्नाचा बस्ता, दवाखाना, कोर्टाची तारीख. निघायच्या आदल्या दिवशी आळीतल्या घरांतून निरोप यायचे. कुणाचं मिक्सरचं भांडं दुरुस्तीला न्यायचं असे, कुणाच्या साडीला फॉल लावून आणायचा असे. हातात चार पिशव्या आणि डोक्यात परतीची एसटी, अशा माणसाला शहर मायाळू आहे की तुसडं, हे बघायला सवड नसते.

काम नसताना मी पहिल्यांदा गेले ती गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, आणि तीही माझ्या थोरल्या जाऊबाईंसाठी. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो.

माझे थोरले दीर जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांना एकच मुलगा. तो हिंजवडीला कंपनीत आहे, सूनही नोकरी करते, चार वर्षांची मुलगी आहे आणि सूसला नवव्या मजल्यावर घर आहे. वर्षश्राद्ध आटोपल्यावर तो म्हणाला, "आई, आता तू आमच्याकडेच चल." सून म्हणाली, "आमची काही अडचण नाही, आई. तुम्ही इथं एकट्या, म्हणून म्हणतोय."

एकट्या कशा, हे मला कळलं नाही. भिंतीला भिंत लागून मी आणि माझे यजमान राहतो. अंगण एक आहे, नळ एक आहे. रस्त्याकडेला आमची पिठाची गिरणी आहे, तिथं आक्का रोज दुपारी येऊन बसायच्या. पण मी बोलले नाही. मायलेकांच्या मधे चुलतीनं बोलू नये.

पुतण्याच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. पिरंगुटच्या कारखान्यातले दोघे-तिघे खोल्या शोधत होते. आईच्या बाजूच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं द्यायच्या, असं तो म्हणाला, आणि दिवाळीपर्यंत काय ते सांग, असंही म्हणाला. म्हणजे एकदा भाडेकरू आला की आक्कांना परत यायला जागा नाही. त्या हे समजून होत्या.

"बगून सांगते," त्या म्हणाल्या.

"काय बघणार? दहा वेळा येऊन गेलीस."

"पावनी म्हनून आले. पावनीशी समदी ग्वाड बोलत्यात. पोरगी द्यायची तर आपन घर बगतो, पानी बगतो, शेजारी इचारतो. मी तर सोता नांदायला जायची. मग नको बगाया?"

पुतण्या हसला. त्याला वाटलं, आई चेष्टा करते आहे. मला माहीत होतं की नाही.

घर बघायला जायचे आमच्याकडे काही रिवाज आहेत आणि आक्कांनी ते सगळे पाळले. सुट्टीचा दिवस टाळला, कारण सुट्टीला माणसं सावध असतात. मुलानं गाडी पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. "सोयरिकीला समोरच्याच्या गाडीतनं जात न्हाईत." ठरेपर्यंत जेवायचं नाही, चहापाणी तेवढं चालतं. आणि सोबत प्रश्न विचारणारी एक बाई हवी. आमच्या भावकीत ते काम माझ्याकडे असतं, कारण मला विचारायला लाज वाटत नाही. मी यजमानांना गिरणीवर बसवलं आणि निघाले.

एसटीनं चांदणी चौक, तिथून रिक्षा. सूस तसं आमच्याच तालुक्यातलं. माझी एक मावशी तिथं दिली होती, तेव्हा लोक हळहळले होते की पोर आडबाजूला पडली. आता रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगूनही तीन फाटकं चुकली. चौथ्या फाटकावर रखवालदारानं घरी फोन लावून विचारलं, दोन लेडीज आल्यात, सोडू का?

"सोड रं," आक्का म्हणाल्या, "बगून जानार हाय."

सून ऑफिसला निघायच्या बेतात थांबली होती. मुलीला शेजारच्या इमारतीतल्या पाळणाघरात सोडून आली होती. तिनं चहा दिला, पोळ्यांचा डबा दाखवला, भाजी, वरण, भात, सगळं झाकून ठेवलं होतं. "अकरा-बाराला जेवून घ्या," म्हणाली आणि पळाली. चप्पल घालता घालता तिनं तीनदा फोन पाहिला.

मग आक्कांनी घर बघायला घेतलं. नळ सोडून पाहिला. न्हाणीची कडी आतून लागते का, बाहेरून उघडता येते का, ते पाहिलं. गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसत होत्या, तिथं वाळत घातलेले कपडे त्यांनी बराच वेळ न्याहाळले. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोलीत पलंगाच्या बाजूला इस्त्रीचं टेबल होतं, दोन मोठ्या बॅगा होत्या आणि व्यायामाची सायकल होती.

"ही खोली माजी का हिची?" सायकलीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"सायकल हलेल," मी म्हणाले.

"मी इचारलं कुनाची."

राहिले शेजारी. मुलगी देताना हेच खरं असतं. घर आपलं आपण सांगतं त्याहून वेगळं शेजारी सांगतात. आक्कांना स्वतःच्या मुलाची आणि सुनेची चौकशी करायची होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. आम्ही दार उघडून बाहेर आलो. त्या मजल्यावर आणखी तीन दारं, तिन्ही बंद.

"समदी गावाला गेली का काय?"

"नाही, आक्का. इथं लावूनच बसतात."

आमच्याकडे दिवसा दार लावलेलं असलं, म्हणजे घरात माणूस नाही, नाहीतर घरात काहीतरी बिनसलं आहे. आक्कांनी आमचं दार सताड उघडलं, गावाहून आणलेली मेथीची जुडी सोडली आणि उंबऱ्यात बसल्या. उंबरा असा नव्हताच, एक पितळी पट्टी होती. मी आत खुर्चीवर बसले. एक सामान पोचवणारा पोऱ्या आला, आक्कांकडे बघून बिचकला, पुडकं समोरच्या दाराशी ठेवून गेला. समोरचं दार उघडलं नाही.

दोन वाजता मी ओट्याशी उभी राहून दोन पोळ्या खाल्ल्या. सोयरीक माझी नव्हती.

पाणी पीत होते तेवढ्यात बाहेर आवाज आला. समोरच्या घरातली बाई अनवाणी धावत आली होती. तिशीची असेल, गळ्यात हेडफोन.

"आंटी, सब ठीक है ना? दरवाजा खुला दिखा तो मैं डर गई."

"उगडा हाय म्हंजी मानूस घरात हाय," आक्का म्हणाल्या. "बस."

मी पुढं होऊन माझ्या गिरणीवरच्या हिंदीत सगळं सांगितलं. ती इंदूरची होती, घरूनच काम करायची. ती हसायला लागली, इतक्यात माझा फोन वाजला. सून होती.

"काकू, दार उघडं का आहे? सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय."

"आक्का बसल्यात तिथं."

"बसल्यात म्हणजे? पडल्या का?"

"पडल्या नाहीत. मेथी निवडतायत."

ती म्हणाली, "बरं. जेवलात?"

"मी जेवले," मी सांगितलं.

इकडे इंदूरची बाई फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मेथी निवडू लागली होती, अगदी वाईट. आक्का तिच्या हातातल्या काड्या काढून घेत होत्या.

"ही मानसं कशी हायेत?" त्यांनी घराकडे मान वळवून विचारलं. मी हिंदीत सांगितलं.

"पर ये तो आपके बेटे का घर है ना?"

"व्हय. म्हनून तर इचारतीया."

तिला पुतण्याचं नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं समोर राहते. भैया लिफ्टमध्ये मोबाइल बघतात, भाभी हसतात, एवढंच ती सांगू शकली. मला वाटलं, झालं, आक्कांना हवं ते उत्तर मिळालं. अशा गावात कोण मुलगी देईल.

पण मग ती नातीबद्दल बोलायला लागली. पोरीला वरण-भात तुपाशिवाय लागतो. मिक्सर सुरू झाला की ती कानावर हात ठेवते. झोपताना तिला ओढणीचं टोक हातात लागतं. हे हिला कसं माहीत, मी विचारलं. तर पाळणाघर सहाला बंद होतं. हिंजवडीचा रस्ता तुंबला की आई-बाप वेळेत पोचत नाहीत, मग ही जाऊन पोरीला घेऊन येते. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. "एक दिन तो बहुत देर हो गई थी. भाभी फोन पर रो रही थीं."

मी हे आक्कांना मराठीत सांगितलं. त्यातलं बरंचसं त्यांना हिंदीतूनच कळलं होतं. त्यांचे हात थांबले होते.

"ह्ये मला कुनी बोललं न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्या बाईला विचारलं, "तू का आनतीस?"

तिला प्रश्नच समजला नाही, म्हणजे भाषा नव्हे, प्रश्न. खांदे उडवून म्हणाली, "छोटी बच्ची है, आंटी."

फोन वाजला म्हणून ती परत गेली. जाताना तिनं आपलं दार लावलं आणि आक्का त्या बंद दाराकडे जरा वेळ बघत राहिल्या. पुढचे तीन-चार तास आक्का उंबऱ्यातच बसून होत्या. मी त्यांना एकदा चहा केला.

साडेसहाला सून आली. एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर झोपाळलेली पोर. तिनं ओट्यावरची भांडी उघडून पाहिली.

"आई, काही आवडलं नाही का? तुम्ही जेवलाच नाहीत."

"आदी बोलू. तुला माजी गरज हाय का न्हाई, त्येवढं सांग."

"अहो, तुम्ही तिथं एकट्या..."

"माजं सोड. माजं मी बगीन. तुजं सांग."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. तिनं पोरीला सोफ्यावर ठेवलं, पर्स मात्र खांद्यावरच राहिली.

"आहे," ती म्हणाली. "खूप आहे."

"मग आदी का न्हाई बोललीस?"

"कामाला बोलावलं असं वाटलं असतं तुम्हाला."

"कामालाच बोलवायचं की. बसायला मी गिरनीत बशीन न्हाईतर हितं, त्याला नववा मजला कशाला?" आणि लगेच, "वाढ आता. भूक लागलीया."

जेवता जेवता अटी ठरल्या. तोपर्यंत पुतण्याही आला होता. सायकल हलवायची. पाळणाघर अर्ध्या दिवसाचं करायचं. दुपारी दार उघडं राहील, ग्रुपवाल्यांना काय सांगायचं ते सांगा. शुक्रवारी संध्याकाळी गावी, सोमवारी परत. आणि गावच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या नाहीत.

"आई, दर आठवड्याला गावी?"

"तुला येळ न्हाई तर बस हाय."

तो आणखी काही बोलणार होता. सुनेनं त्याच्या ताटात पोळी वाढली.

त्यानंतर आठवड्याभरानं आक्का सूसला राहायला गेल्या. मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं कारणही नव्हतं. पाच दिवस अंगण थोडं मोठं वाटतं, झाडायला तेवढाच वेळ लागतो.

पहिल्या शनिवारी त्या गिरणीत येऊन बसल्या, तेव्हा दळणाला आलेल्या बायकांनी त्यांना घेरलं. शहरातली माणसं कशी असतात, बोलतात का कुणाशी? आक्कांनी आपल्या इमारतीतल्या कुणाचं कुठं दुखतं, कुणाची पोरं परदेशी, कुणाचं नवऱ्याशी पटत नाही, हे सगळं सांगितलं. पाच दिवसांत एवढं मला आमच्या आळीचंही माहीत नसतं.

"मानसं बरी हायेत," त्या म्हणाल्या. "पर आपल्याहून पयलं बोलत न्हाईत. आपन बोललं की लई बोलत्यात. जाऊन बगा येकदा."

बायका गेल्यावर त्यांनी बाजरीचा डबा पुढं केला. इंदूरच्या बाईला भाकरी शिकायची होती. मी नेहमीसारखी गिरणीच्या दगडी पाळ्यांची पकड जाडसर दळणाला लावली, तर त्या उठून आल्या.

"बारीक कर. नवी हाय ती, जाड पिटाची तिला थापता यायची न्हाई. आनि आज नगं दळू, सोमवारी सकाळी बसच्या आदी दळ. शिळ्या पिटाची भाकर मोडती."

सोमवारी सकाळी मी गिरणी अर्धा तास लवकर सुरू केली.