घोडीच्या वाट्याचे चणे

मूल गावच्या स्टेशनबाहेर टांगे उभे राहायचे त्या काळात आमच्या मिस्टरांचा टांगा होता. त्या टांग्याला जी घोडी होती तिला आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मान होता. हे मी रागाने सांगत नाही. म्हणजे, थोडं रागानेच सांगते. निकाह होऊन मी या घरी आले ती त्याच टांग्यात बसून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आधी घोडीला पाणी दाखवलं, मग मला चहा विचारला. तिला नाव होतं. ते मी आता घेत नाही.

पुढे काळ्या-पिवळ्या जिपा आल्या, ऑटो आले आणि टांग्यात बसायला माणूस उरला नाही. घोडी मात्र राहिली, कारण नवरदेवाला जिपेतून मांडवात येणं शोभत नाही. धान निघालं की लग्नं सुरू व्हायची आणि घोडीला बोलावणी यायची. मग मी तिची लाल झूल धुवायची, आणि हे बसून तिच्या गळ्यातले घुंगरू चिंचेने घासायचे. बँडवाला अगदी तिच्या कानाशी वाजवायचा, तरी ती घरंदाज बाईसारखी शांत चालायची. घरंदाजपणाचा एवढा धडा मला कोणी दिला नव्हता.

इकडे गावात एक चाल होती. नवरदेवाला घेऊन आलेली घोडी मांडवातून उपाशी जायला नको, नाहीतर नवरीला सासरी पोटभर मिळत नाही. म्हणून नवरीकडच्या बाया तिला चणे, गूळ आणि नवे तांदूळ चारायच्या. प्रत्येकीला आपल्या हातचा घास तिच्या तोंडात गेलेला बघायचा असायचा, आणि मांडवात बाया किती असतात ते काय सांगायचं. घोड्याला उलटी होत नाही, जे आत गेलं ते आतच राहतं. म्हणून हे दरवेळी हात जोडायचे. “बाई, बांधून द्या. घरी नेतो अन् थोडं थोडं चारतो.” कोणी हसायचं, कोणी रुसायचं, पण शेवटी फडक्यात बांधून द्यायच्या. ते गाठोडं आमच्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगलेलं असायचं, आणि रोज संध्याकाळी त्यातली एक मूठ तिला मिळायची.

त्या वर्षी सावली गावच्या वाटेवरच्या एका खेड्यात लग्न होतं. तिथेही यांनी हात जोडले, तिथेही गाठोडं बांधून झालं. नवरी स्वतः जवळ उभी होती, असं हे नंतर सांगत होते. मग यांना जेवायला बसवलं, आग्रह झाला. पंगतीतून उठून बाहेर येतात तर फडकं सोडलेलं, रिकामं, आणि बाया घोडीच्या मानेवरून हात फिरवत होत्या. “खाल्लं बरं का भाऊ तिनं सगळं. लय भूक लागली होती तिले.” वर भरपूर पाणीही पाजलं होतं. यांनी काय बोलावं? लग्नघर होतं. हे तिला हळूहळू चालवत घरी घेऊन आले.

सकाळी तिने गवताला तोंड लावलं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. थंडीचे दिवस, तरी अंगावर घामाचे ओघळ. मी जवसाच्या तेलात हिंग कालवेपर्यंत हे जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं. म्हणाले, “चालवत राहा. बसू नका देऊ. लोळली तर आतडीले पीळ पडते.”

मग आम्ही तिला तळ्याच्या पाळीवरून, तिथल्या मातीच्या बांधावरून, चालवलं. मी पुढे दोर धरून, हे मागे. तिचे पाय दुमडायला लागले की हे मागून म्हणायचे, “उठ, मेरी माँ, उठ,” आणि ती उठायची. वाटेत कोणीकोणी थांबून विचारायचं, “काऊन जी, काय झालं तिले?” मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. माझ्या मनात त्या मांडवातल्या बायांना शिव्या चालल्या होत्या. एकेकीला समोर उभं करून विचारणार होते, मायेला काही माप असतं की नाही?

उन्हं चढली तशी ती ऐकेना. गुडघ्यावर आली, मग बसली, मग आडवी व्हायला लागली. यांच्याकडे चाबूक होता, पण तो टांग्याची शोभा म्हणून. हवेत फिरवायचे, तिच्या अंगाला कधी लागला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा लागला. ती धडपडत उभी राहिली, मान वळवून तिने यांच्याकडे बघितलं आणि चालायला लागली. मी मागे बघितलं नाही. हे रडत होते ते मला आवाजावरून कळत होतं. पुन्हा बसली, पुन्हा मारलं. असं किती वेळा झालं ते मला आठवायचं नाही.

दुपारी डॉक्टर पुन्हा आले. पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. तिच्या हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊ, आता राहू द्या. बसू द्या तिले.”

हे म्हणाले, “मंग मी मारलं काऊन?”

ती तिथेच पाळीवर आडवी झाली. यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, घुंगरांचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला. जीव जायला फार वेळ लागला नाही. शेजारच्या राईसमिलवाल्यांनी मागच्या पडीक जागेत खड्डा खणू दिला, आणि तिच्या अंगाखाली टोचू नये म्हणून आम्ही आधी धानाचा कोंडा पसरला. मेलेल्या जनावराला काय टोचणार, पण पसरला.

यांनी टांगा विकला आणि मिलमध्ये हमाली धरली. चाबूक कुठे गेला मी विचारलं नाही.

पुढच्या थंडीत एक पोरगी आमच्या दारात आली. हातात हिरव्या बांगड्या, अंग भरलेलं, चेहऱ्यावर तजेला. सासरहून माहेरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आली होती. मी ओळखलं नाही, यांनी ओळखलं. “भाऊ, तुमच्या घोडीच्या पुण्याईनं मले सासरी काई कमी नाई,” ती म्हणाली आणि पदराखालून फडक्याचं गाठोडं काढलं. “त्या दिवशी आमच्या बायांनी तुमचं ऐकलंच नाई. म्हणून या वेळी मी बांधून आणले चणे. कुठी आहे ती?”

वर्षभर जपून ठेवलेल्या शिव्या माझ्या ओठापर्यंत आल्या. मी यांच्याकडे बघितलं. यांनी दोन्ही हात पुढे करून गाठोडं घेतलं.

“चरायले सोडली आहे, बाई,” हे म्हणाले. “संध्याकाळी आली का चारतो. थोडं थोडं.”

ती गेल्यावर यांनी ते गाठोडं रिकाम्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं.