झाकण पडलं तेव्हा

लग्न झाल्यापासून लेओंतीन व्हासर नवऱ्याचे तेलकट कपडे धूत आली होती. आन्सेल्म शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी बसणारा मेकॅनिक. हातपंपानं तेल सोडायचं, मागच्या गाड्यांवर नजर ठेवायची आणि मुख्य म्हणजे इंजिन ऐकायचं.

"जुनी इंजिनं पोटानं ऐकायची," तो म्हणायचा. अजस्र सिलिंडर, ढोलासारखे धडधडणारे. १९१२चं हे नवं इंजिन आकारानं लहान, पण भलतंच वेगानं फिरणारं, किंचाळणारं. त्यात झडपेची स्प्रिंग तुटली की बारीक टिकटिक होते. तेवढ्यावरून गाडी थांबवायची. नाहीतर झडप आत पडते, इंजिन जाम होतं, गाडी उलटते.

ती टिकटिक आन्सेल्मला ऐकू येणार नव्हती. उशाशी घड्याळाचा गजर वाजून वाजून थके, हा घोरतच असे.

"सांगून टाक मालकांना," ती म्हणाली.

"म्हणजे उद्यापासून कारखान्यात झाडू मारू? तोंड उघडशील तर बघ!"

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या द्येप गावच्या शर्यतीला निघण्याआधीच्या रविवारी चालक ग्रासियां जेवायला आला.

"वहिनी, ससा शिजवलाय ना! जिन्यातच ओळखलं."

"नाक शाबूत आहे म्हणायचं तुमचं!"

तो तिच्या तोंडाकडे बघून हसला. दोघे पुरुष ओरडूनच बोलत होते. कारखान्याची सवय, असं तिला नेहमी वाटे.

सांगायची छाती नव्हती, म्हणून तिनं दाखवायचं ठरवलं. ग्रासियां दचकेल, हा दचकणार नाही. मग ग्रासियां काय ते समजेल. दोघांच्या पाठीमागे उभं राहून तिनं पातेल्याचं पत्र्याचं झाकण फरशीवर सोडलं.

झाकण भिंगरीसारखं फिरत खणखणत राहिलं. वरच्या मजल्यावरच्या बाईनं पाय आपटले. आन्सेल्म पाव कापत होता. ग्रासियां हाड चोखत होता. कुणीही मान वळवली नाही.

लेओंतीननं झाकण उचललं, दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवलं आणि फरशीकडे बोट दाखवलं.

आधी ग्रासियांचा चेहरा उतरला. "मी समजत होतो, हा ऐकतोय."

"आणि मी समजत होतो, तुम्ही," आन्सेल्म म्हणाला.

मग ग्रासियां उठला, त्यानं खुंटीवरची टोपी घेतली. "माझं मी मालकांना आत्ताच सांगतो. तुझं तू बघ."

आन्सेल्मनं बायकोकडे पाहिलं. मग तोही आपली टोपी शोधू लागला.

"आधी जेवा दोघं!" लेओंतीन ओरडली. इतकी मोठ्यानं, की वरच्या बाईनं पुन्हा पाय आपटले. आपटू देत.