काठवाले सर

नखाएवढ्या काचेवरचा राखाडी डाग मी चुलीच्या राखेने घासून काढला आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली. असली मी शहाणी! साकोलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाडपूस, बाटल्या धुणे असे काम करत होते. नोकरी कच्ची, अक्कल त्याहून कच्ची.

तो डाग म्हणजे काठवाल्या सरांचा जीव. दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत हातापाया पडून त्यांनी तो बनवून आणला होता. केसापेक्षा कितीतरी पातळ थर, त्यावर मँगनीजवाला चुंबकी थर. भेटेल त्याला, अगदी मलाही, ते पकडून सांगत, "भंडाऱ्याचं टसर पाह्यलं ना बाई? सारी शोभा काठात. तसंच हे. चुंबकाचा थर बसला का वीज पोटातून जातच नाही. काठाकाठानं जाते, एकाच दिशेनं, तापत नाही."

"अशी कुठं जाते जी?" मी विचारायची.

"भयंकर थंडीत."

हे साकोलीच्या मे महिन्यात, चुकलेल्या बटणांच्या शर्टात घामाघूम होऊन! मी पदराआड हसायची. मँगनीजचे नाव निघाले की त्यांची छाती फुगे, "आपल्या चिखल्याच्या खाणीचं!" थरासाठी सरांनी तिकडे नेलेली मँगनीजची बाटली परदेशातून आली होती. खोके मीच फोडले होते.

मग तपासणीची समिती येणार म्हणून त्या सकाळी मी सफाई काढली, त्यातच तो डाग गेला. समितीसमोर सरांनी डबी उघडली. काच लख्ख. त्यांनी माझ्या बोटांवरची राख पाहिली.

प्राचार्य म्हणाले, "यात काहीच दिसत नाही. कोणी हात लावला काय?"

माझी नोकरी गेलीच होती.

"थरच इतका पातळ आहे, साहेब," सर म्हणाले, आणि कोऱ्या काचेवर काठ, दिशा, चुंबक सारे समजावत राहिले. समितीतल्या विद्वानांनी माना डोलावल्या. एका महाभागाला तर काठ दिसलासुद्धा!

सर आता नाहीत. त्यांच्यावर हसणारी ती मूर्ख बाई मात्र मला अजून भेटते, आरशात.

त्या दिवशी समितीची गाडी गेल्यावर मी दाराशी रडत उभी होते. डबी खिशात टाकत सर म्हणाले, "रडून काहून राहिल्या, बाई? थर बनवू पुन्हा. पण इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कोणी माहं शेवटपर्यंत ऐकलं, अन् तुमी आजच काच घासली!"