तो बाप, ती आई, ते लेकरू

निमगाव केतकीच्या माध्यमिक शाळेत रोहिणी राऊत विज्ञान आणि इंग्रजी शिकवतात. नोकरीला बावीस-तेवीस वर्षं झाली. नवरा भवानीनगरला साखर कारखान्यात असतो. थोरला मुलगा पुण्यात शिकतो. स्वतःहून काही मागायला जाणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि गळ्यात पडलेलं काम टाळायचं, तर तेही जमत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मुख्याध्यापक विजयसिंह सरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. जर्मनीत नर्स, वायरमन, ड्रायव्हर कमी पडताहेत, आपल्याकडून तरुण पाठवायचे आहेत, म्हणून शिक्षकांनी आधी जर्मन शिकून पुढं गावातल्या मुलांना शिकवावं, असं सरकारचं पत्र आलं होतं.

"मॅडम, तुमचं नाव देतोय," सर म्हणाले. "बाकी कुणी तयार होईना."

"सर, माझं वय काय कमी आहे का? आता जर्मन?"

सर हसले. "काय सांगू? दिल्लीचं धोरण म्हणतं लहान मुलांना मातृभाषेत शिकवा. पालक म्हणतात इंग्रजीच पाहिजे. आणि आता हे जर्मन. सगळं आपल्याच शाळेत यायचंय."

शनिवार-रविवार बारामतीला वर्ग होता. शिकवायला पुण्याहून एक तरुण मुलगी यायची. तिनं पहिल्या तासापासून मराठीचा किंवा इंग्रजीचा एक शब्द वापरला नाही, पद्धतच तशी होती म्हणे. तिनं रोहिणीबाईंकडे बघून काहीतरी विचारलं. परत विचारलं. वर्ग वळून बघायला लागला. नाव विचारतेय एवढंसुद्धा बाईंच्या लक्षात आलं नाही. कान तापले. इतकी वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाई मान खाली घालून वहीवर रेघा ओढत बसल्या. परतीच्या एसटीत त्यांनी ठरवलं, पुढच्या शनिवारी जायचं नाही.

पण सोमवारी पाचवीच्या वर्गात वेगळंच झालं. त्याच वर्षी शाळेनं पाचवीपासून सेमी-इंग्रजी सुरू केलं होतं. कारण साधं होतं. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या रोज सकाळी गावातून मुलं भरून नेत होत्या. बाईंनी बाष्पीभवनाचा धडा इंग्रजीतून शिकवला आणि छकुलीला उभं करून प्रश्न विचारला. छकुली एरवी वर्गात सर्वांत बडबडी. ती उभी राहिली आणि खाली बघून वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करत राहिली.

बाईंना वहीवर ओढलेल्या आपल्या रेघा आठवल्या. त्या तिच्याजवळ गेल्या. "छकुली, अंगणात धुणं वाळत घातलं, तर त्यातलं पाणी जातं कुठं?"

"वर जातं, बाई. वाफ हुती त्याची. पर दिसत न्हाय."

त्या दिवसापासून बाई धडा आधी मराठीत समजावून सांगायला लागल्या. मुलं मनसोक्त बोलली की मग तोच धडा इंग्रजीत. आणि शनिवारी त्या पुन्हा बारामतीला गेल्या.

आता त्यांनी स्वतःसाठीही तीच वाट धरली. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं आणि ते पाठ करताना अर्धा वर्ग वैतागला होता. बाईंना मात्र एकदम उमगलं, की इंग्रजीत हे नसेल, पण आपल्याकडे आहे. देअर फाटर, तो बाप. डी मुटर, ती आई. दास किंट, ते लेकरू. सगळंच जुळत नव्हतं. जर्मनांकडे सूर्य बाईमाणूस आणि चंद्र बाप्या. पण तो, ती, ते ही तीन दारं ओळखीची होती, एवढ्यानं भीती गेली.

दिवाळीनंतर शाळेतच संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. वीसेक जण आले. त्यात प्रगती होती, नर्सिंग करून इंदापूरच्या दवाखान्यात काम करणारी, छकुलीची आत्या.

छकुलीचे आजोबा, म्हणजे प्रगतीचे वडील, कुंडलिकराव शाळा समितीवर होते. एके दिवशी ते तणतणतच शाळेत आले.

"बाई, पाचवीला मराठीतच शिकवताय म्हणं? मग सेमी कशाला केलं आमी? आमची द्राक्षं लंडनला जात्यात. खोक्यावरचं मराठीत न्हाय लिहीत कुणी. पोरी मागं राहायच्या."

"आबा, इंग्रजी सोडलेलं नाही. आधी कळू द्यावं, मग बोलू द्यावं, एवढंच करतेय. तुम्ही संध्याकाळी प्रगतीच्या वर्गात येऊन बसा. मग बोलू."

कुंडलिकराव खरंच आले. मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. पहिली दहा मिनिटं बाई मुद्दाम नुसतं जर्मन बोलल्या. म्हातारा चुळबुळत राहिला. मग बाईंनी फळ्यावर तो, ती, ते लिहिलं आणि प्रगतीला वाक्यं करायला लावली. ती भराभर बोलत गेली.

"ह्यं तर आपल्यासारखंच हाय की," कुंडलिकराव मोठ्यानं म्हणाले. वर्ग हसला. जाताना ते दारात थांबले. "मला मगाशी काय बी कळंना, तवा उठून जावं वाटलं बगा. छकुलीला तसंच होत आसंल." थोडं थांबून म्हणाले, "पर इंग्रजी सोडू नका."

"नाही सोडत, आबा."

उन्हाळ्यात जर्मनच्या कामाला खीळ बसली. पुढं काय करायचं, याचा आदेश काही आला नाही. विचारलं तर "कळवू" एवढंच उत्तर. विसांचे पाच उरले. विजयसिंह सर म्हणाले, "मॅडम, बंद केलंत तरी कुणी विचारणार नाही." बाईंनी वर्ग बंद केला नाही. "ही पाच जणं विचारतील ना," असं म्हणून त्या स्वतःच पुढची पुस्तकं शिकत आणि शिकवत राहिल्या. पुण्याला परीक्षा होती. प्रगती बोलण्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, घरी रडली, आणि पुन्हा बसून पास झाली. बाकीच्या चौघांपैकी एकाला चाकणच्या जर्मन कंपनीत काम मिळालं. तिघं इथंच आहेत. त्यातल्या एकीला ही मेहनत फुकट गेली असं वाटतं, आणि बाईंना तिची समजूत काढता आलेली नाही.

शाळेत सेमी-इंग्रजी चालूच आहे. पिवळ्या गाड्याही येतात. पाचवीचा पट फारसा वाढला नाही, पण दोन नव्या शिक्षकांनी बाईंचा तास मागं बसून पाहिला आणि ते तसंच शिकवायला लागलेत.

प्रगती आता दक्षिण जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"बाई, हितं पुस्तकातलं जर्मन कुणी बोलतच न्हाय. सगळे म्हातारे गावठी बोलतात. निम्मं कळत नाही."

रोहिणीबाईंना हसू आवरेना. "अगं, तुझे आबा तरी पुस्तकातलं मराठी बोलतात का? तिथल्या म्हाताऱ्यांजवळ बस. त्यांचं ऐक. हळूहळू येईल."

पलीकडे प्रगतीही हसली. तिकडून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात हाक मारली. "बोलावतायत मला, बाई. जाते," म्हणून तिनं फोन ठेवला.