बसून वाजवायची गिटार

काउंटरवर तीन इलेक्ट्रिक गिटारी आडव्या ठेवल्या होत्या आणि पास्कूमास्तर मला विचारत होते, "यातली सगळ्यात मोठ्यानं वाजनारी कुठली, तेवढं सांग. बाकीचं पुरान नको."

मी वसईत एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक आहे. एरवी रेडिओ दुरुस्त करतो, लग्नसराईत लाउडस्पीकर घेऊन गावोगाव जातो. गिऱ्हाइकाला वस्तूची खरी माहिती मिळणं हा त्याचा हक्क आहे, असं माझं मत आहे. ते मी मालकांना, म्हणजे शेठना, नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की शेठ मला आधी गोदामात पाठवतात. त्या दिवशी ते विसरले.

या गिटारी मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या पापडी गावच्या एका वादकाच्या. तो बोटीवर नोकरीला निघाला होता, म्हणून आमच्याकडे विकायला ठेवून गेला. पास्कूमास्तरांचा लग्नात वाजवणारा बँड आहे. त्यांच्यासोबत सालू आला होता. सालू तेव्हा बँडमध्ये झांज वाजवायचा. पण दर रविवारी त्या वादकाकडे बसून तो गिटार शिकला, आणि चांगला शिकला. साधी गिटार बँडमध्ये कोणालाच ऐकू येत नाही. दोन पितळी कॉर्नेट आणि एक ढोल पुढे असताना तिचा आवाज म्हणजे पोत्यातल्या मांजराचा. तेव्हा मास्तरांनी शर्त घातली होती. वटार गावच्या हरिभाऊंच्या मुलाच्या वरातीत सालूने इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. लोकांना ऐकू आली तर तो कायमचा गिटारवाला. नाही आली तर कायमची झांज, आणि परत विषय काढायचा नाही.

"मास्तर, तिन्हींचा आवाज मोठा करणारं यंत्र एकच आहे," मी म्हणालो. "अँप्लिफायर. आवाज तो देतो. फरक आहे तो गिटारीच्या पोटात."

इलेक्ट्रिक गिटारीचं तत्त्व सोपं आहे. तारा पोलादी असतात. त्यांच्याखाली लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उठते. ती अँप्लिफायरमध्ये जाते आणि कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडते.

पहिली गिटार दिसायला भाकरीच्या तव्यासारखी होती. वाटोळं धातूचं अंग आणि लांब दांडा. ही हवाईयन. हवाई बेटांवरचे लोक गिटार मांडीवर आडवी घेतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवतात. अमेरिकेत त्या वाजवण्याचं वेड पसरलं. मोठ्या हॉलमध्ये ऐकू जाईना, म्हणून तिला चुंबक बसवला. इलेक्ट्रिकमध्ये हीच सगळ्यात थोरली.

दुसरी पोकळ पोटाची. मधाच्या रंगाची, कमरेत बारीक, पुढे व्हायोलिनसारखी दोन भोकं. नाचाच्या ऑर्केस्ट्रात ट्रंपेटच्या गर्दीत गिटारवाला बुडायचा, म्हणजे सालूचंच दुखणं. त्याच्यासाठी नेहमीच्याच गिटारीला पिकअप लावलं.

तिसरी सगळ्यात नवी. हिला पोटच नाही, अख्खी भरीव फळी. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने ही तऱ्हा बाजारात आणली, असं तो पापडीचा वादक सांगत होता. हे ऐकल्यापासून त्या फळीबद्दल मला आपुलकी आहे. कारागिराच्या हातून आलेली वस्तू आहे ती.

"मधवाली घ्या," शेठ पुढे झाले. "काय रूप आहे बघा. वरातीत शोभेल."

सालूने ती वाजवली. दुकानात तिचा आवाज खरंच गोड लागला. मास्तरांनी मान डोलावली. शेठनी कापड काढलं बांधायला.

"थांबा," मी म्हणालो. "वरात दुकानातून निघणार आहे का? वस्तू जिथे वापरायची तिथेच तपासली पाहिजे."

"अरे, तू माझा नोकर आहेस की त्यांचा?"

"मी तुमचा नोकर आहे, शेठ. म्हणून सांगतो. परत आली तर नाव तुमचं जाईल."

शेठनी कापडाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "ने तिन्ही. एक जरी चरा पडला तर तुला टांगेन तिच्या जागी."

वटारला हरिभाऊंच्या केळीच्या वाडीलगत आम्ही बैलगाडी उभी केली. गाडीत मोटारीची बॅटरी, अँप्लिफायर आणि वर बांबूला बांधलेला कर्णा. वरातीत हे सगळं असंच चालणार होतं. हरिभाऊ नवऱ्यामुलाचा बाप, ते धोतराचा सोगा धरून बघायला आले. घरात तांदूळ निवडणाऱ्या बायका दारात आल्या.

मधवाली आधी लावली. सालूने तारेला बोट लावलं न लावलं तोच कर्ण्यातून लांब हंबरडा निघाला. बैलांनी कान टवकारले.

"गाय व्यायली का काय कोनाची?" हरिभाऊ म्हणाले.

कारण साधं होतं. डोक्यावरच्या कर्ण्याचा आवाज गिटारीच्या पोकळ पोटात घुसत होता. पोट थरथरलं की तारा थरथरत, तोच आवाज पुन्हा कर्ण्यात जाई. ते चक्र थांबेना. दुकानात कर्णा लांब होता. इथे तो हलवायची सोय नव्हती.

मग माझी लाडकी फळी. ही अजिबात हंबरली नाही. आवाज खणखणीत. सालू गळ्यात पट्टा अडकवून गाडीमागे चालू लागला. वायर गाडीला, गाडी बैलांना, आणि बैल त्यांच्या मर्जीला. एका वळणावर ते पाऊल उचलून चालले आणि वायर सालूला खेचत निघाली.

"दाव्याला बांधलाय वाटतं बिचाऱ्याला," दारातली एक बाई म्हणाली.

दुसऱ्या वळणावर वायर निघालीच. शिवाय हरिभाऊंना निराळीच शंका होती. "ठोके समजले. पन यात गानं कुठं हाय?"

उरली तव्यासारखी. सालू गाडीत चढला, बॅटरीशेजारी बसला, गिटार मांडीवर घेतली. त्या वादकाकडे शिकला होता तशी त्याने कांडी सरकवली आणि हळदीचं गाणं काढलं. या सुरावरून त्या सुरावर आवाज न तुटता जात होता, आपल्या गळ्यातून जातो तसा. आवाज कितीही वाढवला तरी हंबरडा नाही, कारण अंग भरीव धातूचं. वायर ओढायला कोणी चालतच नव्हतं. दारातल्या बायका सुपं हातात धरून गाणं म्हणायला लागल्या.

"ठरलं," मी म्हणालो.

"काय ठरलं?" मास्तर म्हणाले. "माझ्या बँडात कोन बसून वाजवत नाय. माझ्या बापाच्या वेळेपासून नाय. नवऱ्यापुढं बँडवाला बसला तर लोक म्हनतील, हा वाजवायला आलाय का जेवायला?"

सालूचा चेहरा उतरला. मी मात्र पेटलो. कामगाराने बसून काम केलं म्हणून कामाचा अपमान होतो कसा, लोहाराने उभं राहून घण घातला आणि शिंप्याने बसून टाके घातले तर दोघांत थोर कोण, आणि उभं राहणं ही इमानदारीची खूण कोणी ठरवली, हे सगळं मी मुद्देसूद मांडलं. हरिभाऊंनी तोवर पान लावून खाल्लं.

"झालं?" मास्तरांनी विचारलं. "चांगलं बोलतोस. पन बसायचं नाय."

सालू गाडीतून उतरला आणि कांडी खिशात घालू लागला.

हरिभाऊ पिंक टाकून सावकाश म्हणाले, "मास्तर, नवरीकडच्यांनी पन बँड सांगितलाय. त्यांच्यात सॅक्सोफोन आलाय म्हनतात."

आमच्याकडे वरात नवरीच्या गावच्या वेशीवर पोचली की दोन्हीकडचे बँड समोरासमोर उभे राहतात आणि एक थांबेपर्यंत वाजवतात. ज्याचा थांबला त्याला लोक पुढची लग्नसराई येईपर्यंत चिडवतात. मास्तरांनी कर्ण्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"सालू," ते म्हणाले, "चढ वर. मांडी घालून नीट बस. आनि कोट घाल, बसलेला मानूस बरा दिसला पायजे."

लग्नाच्या दिवशी वेशीवर सॅक्सोफोनवाल्याने खरोखर सुंदर वाजवलं. आमची कॉर्नेटं त्याच्यापुढे दमली. मग सालूने तेच हळदीचं गाणं लावलं. कर्ण्यातून ते माडांवरून पार पलीकडे गेलं, आणि नवरीकडच्या बायकाच गायला लागल्या. त्यांच्या बँडमास्तरने वाजवायची खूण करायला दोनदा हात वर केला. पण आपल्याच बायकांच्या गाण्यावर कुरघोडी करणार कशी? सॅक्सोफोन खाली आला.

सालू आता कायमचा गिटारवाला आहे. झांज मास्तरांच्या पुतण्याकडे गेली. गाडीत बसवायची कल्पना आपलीच होती असं मास्तर सगळीकडे सांगतात, आणि मी त्यांना अडवत नाही. मधवाली आणि फळी अजून आमच्या दुकानात टांगलेल्या आहेत. शेठ येणाऱ्याला मधवालीच दाखवतात, मी फळी.

मी एवढं शिकलो की वाद्य जिथे वाजायचं तिथे नेऊन ऐकावं. आणि नियम बदलायचा असेल तर भाषण जरूर करावं, पण त्याआधी समोरच्या गावाने काय आणलंय याची चौकशी करावी.