दयामावशीचा हात

दयामावशीचा हात खरबरीत होता, बाभळीच्या सालीसारखा. पण तोच करडीच्या कोमट तेलात बुडून कमरेवर आला की मऊ कसा व्हायचा, ते मला अजून उमगलेलं नाही. आता माझी कंबर कधीच गेली. पोरं नगरहून नळीतली मलमं आणतात, रबराची पिशवी गरम पाण्यानं भरून देतात. मी घेते ठेवून. नाही कशाला म्हणायचं, हौसेनं आणतात. पण दुखणं जिथं बसलंय तिथवर ती पिशवी पोचत नाही. मावशीचा अंगठा पोचायचा.

शेवगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. लढाईच्या दिवसांतली गोष्ट. लढाई कुठं साता समुद्रापलीकडं चालली होती म्हणे, पण रॉकेल आणि कापड नाहीसं झालं ते आमच्या गावातून. त्या साली पौषात मला पहिला मुलगा झाला. पहिलटकरणीनं माहेरी जायचं असतं. मला माहेर होतं, पण माहेरी आई नव्हती. मी रांगत होते तेव्हाच ती गेली. मागं उरले वडील आणि भाऊ. दोन पुरुषांनी बाळंतिणीचं काय करायचं? म्हणून मी सासरीच राहिले.

माझ्या सासूबाई, आक्काबाई, रीतीभातीच्या फार पक्क्या. कोणत्या वारी केस धुवायचे, कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणी कुठवर यायचं, हे सगळं गावातल्या बायका त्यांना विचारायला यायच्या. आणि गावची सुईण म्हणजे दयामावशी. ओढ्यापलीकडं ख्रिस्ती लोकांची वस्ती होती, तिथली. तिच्या आजेसासऱ्यानं तो धर्म घेतला होता. तिचा देव बदलला, पण गावानं तिला घातलेली हद्द काही बदलली नाही. आमच्या उंबऱ्याच्या आत तिला एरवी येता येत नसे. घरात बाळंतीण असली तरच यायची. मूल झालं की साऱ्या घरालाच सोयेर लागते. बाराव्या दिवशी अंघोळ, सारवण होईपर्यंत घरच विटाळात असतं, मग विटाळाला आणखी विटाळ कसला व्हायचा? हे कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण माझ्या फार सोयीचं ठरवलं.

पोरगं अंगानं थोराड निघालं. ते बाहेर आलं आणि मी चरकातून निघालेल्या चिपाडासारखी झाले. खालच्या अंगाची आग व्हायची. कूस बदलायची तर दात आवळून. कमरेत तर कुणी खुंटी ठोकून ठेवल्यासारखं. मला वाटायचं, आपण आता बाजेवरून उठत नाही.

मावशी सकाळी उन्हं अंगणात आली की यायची. आधी बाजेखाली निखाऱ्याची शेगडी सरकवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायची. त्या धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते बरंच होतं, कशाचं पाणी ते कुणी विचारत नसे. मग कडुनिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, सोसवेल एवढं निववून, खालच्या अंगाला. तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी ओटीपोटाला. दूध दाटून छाती दगड झाली, तर रुईचं पान शेकून त्यावर. आणि सगळ्यात शेवटी लसूण टाकून कढवलेलं करडीचं तेल घेऊन ती माझ्या कमरेशी बसायची.

तिचा अंगठा नेमका त्या खुंटीवर आला की माझ्या तोंडून निघायचं, "आई गं."

"ओ," मावशी म्हणायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाहेरून कुणी तिला बोलावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी विचारलं, "मावशी, कुणाला ओ देता?"

"हाक आली, ओ दिली. गावातल्या इतक्या लेकी हाका मारत्यात. मी काय बहिरी हाय?"

मी गोधडीत तोंड घातलं. आईला हाक मारली की कुणी ओ देतं, हे मला त्या वयापर्यंत माहीतच नव्हतं.

पोट घट्ट बांधायला मऊ जुनेर लागतं. आईचं लुगडं असलं तर उत्तम, वापरून वापरून मलमलीसारखं झालेलं. मावशीनं सासूबाईंना विचारलं, "आक्का, घरात जुनेर न्हाई का एकादं?"

"कुठलं गं बाई? दुकानात नवं मिळंना, मग जुन्याला जुनं कोन म्हनतंय. जे हाय ते नेसलोय."

दुसऱ्या दिवशी मावशी काखेत एक हिरवं लुगडं घेऊन आली. उडालेल्या रंगाचं, पण स्वच्छ धुतलेलं, आणि हाताला असं लागायचं जसं पिकलेलं पान. तिनं ते माझ्या पोटावर आवळून बांधलं. कमरेला आधार आला, तसा मला पहिल्यांदा पुरा श्वास घेता आला.

"हे कुणाचं?" मी म्हणाले.

"माजंच. एलिझाबेथच्या बाळंतपनासाठी ठेवलं हुतं."

एलिझाबेथ तिची एकुलती एक लेक. नगरला शाळेच्या बोर्डिंगात राहून शिकलेली. जावई प्रभुदास बेलापूरला साखर कारखान्यात होता. मावशीनं गावातल्या झाडून साऱ्या लेकीसुना चोळल्या, शेकल्या, उभ्या केल्या. तिची लेक मात्र बेलापूरकडंच दवाखान्यात बाळंत झाली.

"मला कळलं तवर नात बसाया लागली हुती," मावशी म्हणाली.

"बोलावलं नाही तुम्हाला?"

"शिकली ना ती. माज्या हाताला वास येतो म्हनती." मावशीनं आपला तळवा नाकाशी नेला आणि हसली. "येतोच की. ओवा, लसून, करडी. खोटं न्हाई बोलली."

हसली, पण त्या दिवशी तिचा हात माझ्या पाठीवर पुष्कळ वेळ नुसता पडून राहिला. तो हात माझ्या पाठीवर असला, तरी माझा नव्हता. मला ते कळलं, आणि तरी तो उचलला जाऊ नये असं वाटत होतं.

बारावा दिवस जवळ आला, तशी मला धास्ती लागली. मी अजून भिंत धरून उभी राहत होते. एकदा अंघोळ झाली, सोयेर फिटली, की मावशी उंबऱ्याच्या बाहेर. मी धीर करून म्हणाले, "आत्याबाई, आणखी थोडे दिवस मावशी आली असती तर."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "रीत म्हंजे रीत."

दुपारी शेजारची कडूबाई बारशाचं विचारायला आली. सासूबाई तिला म्हणाल्या, "कसलं बारसं आन् कसलं काय. पोराची नाळ अजून पडली न्हाई. नाळ पडल्याबिगर सोयेर फिटत न्हाई."

मी बाजेवर आडवी होते, ती आडवीच राहिले. नाळ पडून कितीतरी दिवस झाले होते. सासूबाईंनीच ती चिंधीत बांधून कुंकवाच्या पेटीत ठेवली होती.

कडूबाई रोज येऊन विचारायची. शेवटी म्हणाली, "आक्का, नातवाची नाळ हाय का मोटेचा नाडा?"

"आमच्या घरात समदं घट्टच असतंय," सासूबाई म्हणाल्या.

ती गेल्यावर माझ्याकडं बघून पुटपुटल्या, "ज्वारी उपटायला आली की हिनं काय बाजेवरून बघायचं?" म्हणजे हे सगळं ज्वारीसाठी होतं. असेलही.

पण नाळेला तरी किती दिवस तटवायचं. एके दिवशी घर सारवलं, बाज बाहेर काढली, मला न्हाऊ घातलं. बाळंतपणातली सगळी धुणी सुईणीनं न्यायची असतात. त्या ढिगात हिरवं लुगडंही गेलं. मी सुपात ज्वारी, नारळ, खण घेऊन अंगणाच्या कडेला गेले, सूप जमिनीवर ठेवलं आणि मागं सरले. मग मावशीनं पुढं होऊन ते उचललं. जिनं काल माझ्या पाठीचा मणी न् मणी चाचपला, तिला आज हातात सूप देता येत नव्हतं.

तिनं माझी चाल पाहिली होती. लांबूनच म्हणाली, "वाकताना गुडघ्यात वाक. कमरंत न्हाई."

पुढचे दिवस फार वाईट गेले. दुखणं होतंच, पण नुसतं दुखणं असतं तर सोसलं असतं. मी चुलीपुढं बसले की पाठ मागं कुणाची तरी वाट बघत राहायची. तेल घरात होतं, ओवा घरात होता. मी स्वतः हात मागं नेऊन चोळून पाहिलं. आपला हात आपल्याच पाठीला पोचत नाही, देवानं काय विचार केला असेल.

पोरालाही तो हात लागला होता. सासूबाई त्याला तेल लावायला घ्यायच्या, तर तो गाव गोळा करायचा. एक दिवस त्याच टेकीला आल्या, आणि ओढ्यापलीकडं निरोप धाडला.

कडूबाई कुंपणाशी उभीच. "आक्का, सोयेर फिटली की."

"अंगनात चोळंल ती. पोराला दात येईस्तवर इटाळ नसतो."

"हे कुठं लिव्हलंय?"

"तुला वाचता येतं?"

"न्हाई."

"मग लिव्हलंय."

तेव्हापासून मावशी रोज गोठ्याजवळ पाय पसरून बसायची आणि पोराला पायांवर घ्यायची. मी दहा हात लांब, जात्यापाशी. ती माझ्याशी बोलत नसे, पोराशी बोले. "बाळ्या, तुज्या आईला सांग, रात्री वीट शेकून कमरंखाली घ्यायची. बाळ्या, तुजी आई पुन्यांदा कमरंत वाकली बघ." चोळून झालं की त्याला पोत्यावर ठेवून ती बाजूला व्हायची. सासूबाई चार थेंब पाणी शिंपडायच्या, आणि मी धावून त्याला उचलायची. त्याच्या अंगावर मावशीच्या तळव्याची ऊब तशीच असायची. मी त्याला पोटाशी, गळ्याशी आवळून धरी.

"किती कवटाळतीस गं," सासूबाई म्हणायच्या. "चोळीला तेल लागतंय."

मला तेलच तर हवं होतं.

ज्वारी निघाली, खळी झाली. मी गुडघ्यात वाकून ज्वारी उपटली. उन्हाळा आला, गेला, आणि एक दिवस पाजताना पोरानं मला कडकडून चावा घेतला. मी बोटानं चाचपलं. खालच्या हिरडीला दोन कण्या. बायका पहिल्या दाताचं कौतुक घरभर सांगत सुटतात. मी कुणाला बोलले नाही. पोरानं हसू नये म्हणून त्याला हसवणंच सोडलं.

त्याच आठवड्यात बेलापूरहून प्रभुदास आला. एलिझाबेथला पुन्हा दिवस गेले होते, आणि पहिल्या खेपेची कंबर अजून धरलेली. खाली बसलं की उठता येत नाही. दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या, सगळं झालं. शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, माझ्या आईला घेऊन या.

मावशी निघायच्या दिवशी सकाळी पोराला चोळायला आलीच. काखेत ते हिरवं लुगडं होतं. प्रभुदास बाहेर रस्त्यावर थांबला होता. तिनं हे सगळं पोराला सांगितलं, अर्थात मला. "बाळ्या, माज्या लेकीनं हाक मारली बघ. म्हनती, हाताला वास येऊ दे, पर ये." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडं बघवेना. चांगलं झालं, मी मनाशी म्हणत होते. किती चांगलं झालं. आणि जात्याचा खुंटा धरून बसले होते.

पोराला तिच्या पायावर गुदगुल्या झाल्या आणि तो खदखदून हसला.

"दात आलं की गं आक्का याला," कुंपणावरून कडूबाई म्हणाली.

सासूबाई उठल्या. पोराच्या तोंडात त्यांनी बोट घातलं. पोरानं ते चावलं असणार, कारण त्यांच्या भिवया वर गेल्या. बोट काढून पदराला पुसत त्या म्हणाल्या, "कुठं? मला तर काय दिसंना. डोळं गेलं माजं."

चोळून झालं. मावशीनं पोराला ठेवायला पोतं पाहिलं, तर पोतं जागेवर नव्हतं. सासूबाई ते उचलून भिंतीशी गेल्या होत्या आणि आमच्याकडं पाठ करून झाडत होत्या. मावशी पोराला घेऊन उभी राहिली. मी जवळ गेले. तिनं पोराला पुढं केलं, मी हात पुढं केले. पोराच्या खाली माझे हात, माझ्या हातांखाली तिचे. तेलानं निसरडे, गरम. तिनं अंगठ्यानं माझं मनगट एकदा दाबलं, जणू दुखणं कुठं आहे ते शोधत असावी.

"गुडघ्यात वाक," ती म्हणाली.

त्या पोत्यात आता धूळ उरली नव्हती, तरी सासूबाई झाडतच होत्या.

मावशी परत आली नाही. एलिझाबेथनं तिला ठेवून घेतलं. नातवंडं वाढवण्यात ती तिकडं रमली, असं येणारे-जाणारे सांगायचे. माझी पुढची बाळंतपणं मिरजगावहून आलेल्या दुसऱ्या सुईणीनं केली. तिचा हात चांगला होता. दुखायचं, मी ओरडायची, आणि मग जराशी थांबून ऐकायची. ती बिचारी विचारायची, काय झालं? मी म्हणायची, काही नाही, चोळा.

त्या दिवशी मावशी ओढा उतरून दिसेनाशी झाली, तरी मी हात धुतले नव्हते. तिन्हीसांजेला भाकरीची वेळ झाली. मी काठवटीपुढं बसले, हाताकडं बघत. पाण्याचा तांब्या शेजारीच होता.

"सरक तिकडं," सासूबाई म्हणाल्या. "आज मी थापते."

मला विटाळ झाला म्हणून म्हणाल्या की कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.