आमच्या फायनलमध्ये विमान उतरलं

माझा आवाज मोठा आहे, हे कुणी सांगायच्या आधी मीच सांगून टाकते. कामतघरच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिच्या भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालतात, आणि त्या खडखडाटात पाढे शिकवायचे तर गोड गळा काही कामाचा नाही. तरीही आमच्या पूर्णा गावच्या क्रिकेट सामन्यांत मला माईक द्यावा, असं कधी कुणाला सुचलं नव्हतं. मला मात्र कॉलेजात असल्यापासून सुचत होतं.

त्या रविवारी फायनल होती, पूर्णा विरुद्ध नारपोली. आमचा नेहमीचा कॉमेंटेटर आदल्या रात्री एका हळदीत नाचून, ओरडून घसा पार बसवून आला होता. तोंड उघडलं की नुसती हवा येत होती. मी कुणाची वाट न बघता स्टेजवर चढले. सामने भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे काका. त्यांनी कपाळाला हात लावला.

“बाय, मैदानान बाईमानसाचा आवाज कदी कोनी आयकलाय का?”

“आज ऐकतील.”

“मंग एक डाव बोल. लोकांनी आयकला तं पुढं बोल. न्हाय तं गुपचूप खाली उतर.”

झालं, माझी परीक्षा ठरली. नारपोलीची बॅटिंग सुरू झाली आणि मी बोलायला लागले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी “बाई, पाढे म्हणा” असं ओरडलं. चौकार गेला तरी लोक आपापसांत विचारायचे, कुणी मारला? मी आत्ताच नाव घेतलेलं असायचं. माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका.

आमच्या गावात आता भातशेती कमी आणि गोडाऊनं जास्त. मैदान म्हणजे एका नव्या गोडाऊनसाठी मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेला लांबच लांब प्लॉट होता. वर पत्रे चढायच्या आधी एक हंगाम तो आम्ही क्रिकेटला मागून घेतला होता. चुन्याने बाउंड्री आखली होती, कडेने झेंडे रोवले होते. वरून बघणाऱ्याला एवढी मोकळी, सपाट जागा आसपास दुसरी दिसली नसती.

वरून बघणारे त्या दिवशी होतेही. खाडीच्या बाजूला विमानांच्या कसरतींचा कार्यक्रम होता आणि सकाळपासून विमानं आमच्या डोक्यावरून वळून जात होती. त्यात एक पिवळं होतं, एकावर एक अशा दोन पंखांचं, उघड्या बैठकीचं. सैन्यातले वैमानिक एके काळी असल्या विमानांवर उडायला शिकायचे, असं कार्यक्रमाच्या जाहिरातीत वाचलं होतं. शिवणयंत्रासारखा एकसुरी आवाज करत ते यायचं आणि जायचं.

तो आवाज मध्येच अडखळला. शेजारचा लूम बंद पडला की माझा अख्खा वर्ग मान वर करतो, तशी माझी मान वर गेली. पिवळं विमान काळा धूर सोडत आमच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीने गेलं. वैमानिक एक हात बाहेर काढून जोरजोरात हलवत होता. बाजूला व्हा, बाजूला व्हा. मला तरी तेवढंच समजलं.

लोकांना भलतंच समजलं. आमच्याकडे नवरदेव हेलिकॉप्टरमधून लग्नाला जातो, त्यामुळे फायनलला विमान आलं याचं कुणालाच नवल वाटलं नाही. “अध्यक्षांनी इमान मागवलंय! फुला टाकनार!” अशी ओरड झाली आणि सगळा जमाव मोबाईल उंच धरून पिचवर धावला. काकांनी काही मागवलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही ते तयार दिसेनात.

“आत येऊ नका! ते उतरतंय!” मी ओरडले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. लांब गोडाऊनच्या पत्र्यांवरून विमान वळलं आणि सरळ आमच्याकडे तोंड करून खाली यायला लागलं. इंजिनाचा आवाज आता बंदच झाला होता. मी घाबरले. तो माणूस आणि आमची ही सगळी माणसं एकाच जागी येणार होती आणि माझ्या हातात नुसता माईक होता. मग मला भयंकर राग आला.

“नियम ऐका! ज्या गावाचं माणूस चुन्याच्या आत दिसेल, ते गाव फायनल हरलं! जिसका आदमी अंदर, उसकी टीम हारी! अपील नाही!”

जिवासाठी न हललेली माणसं कपासाठी हलली. आमच्या कॅप्टनने स्वतःच्या सासऱ्याला दंडाला धरून ओढलं. नारपोलीची लूमवरची मंडळी एकमेकांना ढकलत निघाली. “चाचा, बाहर निकलो, मैच जाएगा!” अंपायर कुठल्याच गावाचा नव्हता, तो मध्येच उभा राहिला. त्याला दोन्ही टीमनी मिळून उचलून बाहेर आणलं.

मैदान रिकामं झालं आणि चाकं टेकली. विमान उसळलं, पुन्हा टेकलं, स्टंप उडवत पुढे निघालं. मुरमाची धूळ अशी उठली की खाली कुणाला काही दिसेना. स्टेजवरून मला दिसत होतं. “सरळ चाललंय! वेग कमी होतोय! शेपटी फिरली, पण उभं आहे, उभं आहे!” मी सांगत होते आणि सगळं मैदान श्वास रोखून ऐकत होतं. “थांबलं! हात हलतोय! माणूस सुखरूप आहे!” जो जल्लोष उठला, तसा मी आजवर कुठल्या षटकाराला ऐकला नाही. मी रडत होते आणि हसतही होते.

पाण्याचा जार खांद्यावर घेऊन सगळ्यात आधी धावले ते काका. वैमानिक पिकल्या मिशांचा, पंजाबी हिंदी बोलणारा. घटाघट पाणी प्यायला आणि म्हणाला, “इतने लोग देखे तो मैंने सोचा, अब खाड़ी के कीचड़ में ही डालना पड़ेगा. फिर अचानक पूरा मैदान ख़ाली! किसने करवाया?”

काकांनी स्टेजकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात नारपोलीकडून आवाज आला, “अध्यक्ष अंदर! पूर्णा हारा!” लोक हसले. नारपोलीचा कॅप्टन भला माणूस. तो म्हणाला, “बाई, जाने दो, फिरसे खेलेंगे.” मीही मान डोलावली. घरच्या मैदानावर कप घ्यायचा म्हणून काका महिनाभर धड झोपले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

काका धुळीने माखलेले स्टेजवर आले.

“खेलाचा न्हाय. बाय माईकवर बोलली हाय आनि मी आत गेलो. पूर्णा हरला.”

“अहो काका, तुम्ही पाणी द्यायला...”

“लोकांनी आयकला ना तुजा? मंग आता तूच सांग.”

त्यांनी माझ्या हातातला माईक माझ्या तोंडापाशी नेला. मी माझ्याच गावाचा पराभव अशा खणखणीत आवाजात जाहीर केला की, नारपोलीच्या आधी पूर्णावाल्यांनीच टाळ्या वाजवल्या.